सहा ग्रॅमचा फरक

सर्जेरावांनी चष्मा केसमधून काढला, रुमालाने काचा पुसल्या, काड्या मिटल्या आणि काचा वर करून तो माझ्या काउंटरवर ठेवला, अगदी मी गिऱ्हाइकांना शिकवतो तसा. म्हणाले, "यातनंबी तसंच हाय, मोहनराव. साइड घेतली की बॉल भलतीकडंच जातुय." मग स्टुलावर बसत, शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, "गाडी सोडली मी. सोमवारी शाळंत चावी देऊन आलो. बत्तीस लेकरं असत्यात पाठीमागं. आपल्याला धड दिसत न्हाय म्हनल्यावर कशाला जोखीम घ्यायची." मी "अहो, असं कसं" एवढंच म्हणालो. तेवढं कुणीही म्हणालं असतं.

माझा उजवा गुडघा काउंटरखालच्या तळच्या ड्रॉवरला टेकला होता. त्या ड्रॉवरमध्ये सर्जेरावांचा जुना लाकडी शाफ्ट, म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या स्टिकचा पुढचा अर्धा भाग, वर्तमानपत्रात गुंडाळून तीन महिने पडला होता. मी गुडघा बाजूला घेतला. मी चष्मेवाला. बारामतीत भिगवण रोडवर बावीस वर्षं दुकान आहे, आणि खोटा नंबर मी आजवर कुणाला दिला नाही हे वाक्य मी इतक्या सहज बोलत आलोय की गेल्या महिन्यापर्यंत ते खरंही होतं. सर्जेरावांचे डोळे चांगले आहेत. बावन्नाव्या वर्षी माझे तसे असते तर मी मिरवलं असतं. वाचायला चष्मा लागतो, तो सगळ्यांनाच लागतो. पण लांबच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते न अडखळता वाचतात. समोर ठेवलेल्या चष्म्यात जो काही नंबर होता तो डोळ्यांत नव्हता. तो मी घातला होता. आणि आता त्या नंबराच्या भरवशावर हा माणूस नोकरी सोडून माझ्याकडेच सल्ला विचारायला इंदापुराहून पन्नास किलोमीटर आला होता.

आमची ओळख टेबलावरची. एसटी स्टँडच्या मागे तेव्हा एकच हॉल होता, दोन टेबलांचा, आणि सर्जेराव दुधाची गाडी रिकामी करून दुपारी तिथे येत. मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, अंगात मस्ती आणि हातात काही नाही. स्टिक धरायला त्यांनी शिकवली. पांढऱ्या बॉलच्या मधोमध टिप, म्हणजे स्टिकच्या टोकावरची चामड्याची चकती, लागली तर तो सरळ जातो, त्यात शहाणपण नाही. पण पुढच्या शॉटला तो हव्या त्या जागी यायला हवा असेल तर त्याला गिरकी द्यावी लागते, म्हणजे मधोमध न मारता बाजूला मारावं लागतं. त्याला साइड घेणं म्हणतात. आणि लाकडी स्टिकने डावी साइड घेतली की बॉल निघतानाच किंचित उजवीकडे हटतो, उजवी घेतली की डावीकडे. याला डिफ्लेक्शन म्हणतात हे मला पुढे कित्येक वर्षांनी मोबाइलवर कळलं. सर्जेराव त्याला काही म्हणत नसत. ते म्हणायचे, "अर्धं बोट सूट द्या. बॉल हटणार हाय हे धरूनच निशाण धरायचं." डावी साइड असेल तर निशाण अर्धं बोट डावीकडे, लांबचा शॉट असेल तर पाऊण बोट. किती, हे विचारायचं नाही, हाताला कळलं पाहिजे. त्यांच्या हाताला कळत होतं. पुढे ते इंदापूरला गेले, शाळेची गाडी चालवू लागले, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुनं टेबल आणून टाकलं, पण त्यांचा हात तोच राहिला. मला अर्धं बोट कधी जमलं, कधी नाही. आम्ही दोघांनी एकदा पुण्याला जाऊन एकाच दुकानातून एकसारख्या दोन स्टिका घेतल्या होत्या, एकाच आट्यांच्या, म्हणजे एकीचा शाफ्ट दुसरीला बसेल अशा. तरीही त्यांची स्टिक वेगळी चालायची. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, जळोचीतल्या हॉलवर आमचा सामना. सुरुवात कुणी केली आठवत नाही, पण रीत अशी पडली की हरेल त्याने जिंकणाऱ्याला सगळ्यांसमोर फेटा बांधायचा. एकोणीस वर्षं मी सर्जेरावांच्या डोक्याला फेटा बांधला. बारामतीत माझ्याइतका चांगला फेटा बांधणारा चष्मेवाला दुसरा नसेल. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि घरी येताना गाडीवर मला एकट्याला काय वाटायचं ते मी माधवीलाही कधी सांगितलं नाही. बायकोला सांगण्यासारखं ते नव्हतंच. पन्नाशीकडे आलेल्या माणसाने एका खेळासाठी जळावं, हे ऐकून तिने मला चहा दिला असता आणि झोपायला सांगितलं असतं.

गेल्या जूनमध्ये मी कार्बन फायबरचा शाफ्ट मागवला. काळा, लाकडाची एक रेघ नसलेला, हात फिरवला तर गार लागणारा. माझ्या धंद्याची सवय आहे, कुठलीही गोष्ट आली की मी ती आधी मोजतो. शेजारच्या सराफाच्या काट्यावर दोन्ही शाफ्ट ठेवले. लाकडी एकशे अठरा ग्रॅम, काळा एकशे बारा. सहा ग्रॅम. सराफ म्हणाला, एवढ्यासाठी काटा मागितला होय. मग मी पूर्ण स्टिक एका बोटावर आडवी तोलून पाहिली. काळा शाफ्ट लावला की तोल अर्धा इंच मागे, मुठीकडे सरकत होता. म्हणजे एकूण वजनात जवळजवळ काही फरक नाही. फरक आहे तो वजन कुठे आहे त्यात. पुढचं टोक पोकळ आणि हलकं. आणि टोक हलकं असलं की बॉलला बाजूला मारताना बॉल हटत नाही, टोकच बाजूला होतं. मी जळोचीच्या टेबलावर दुपारच्या रिकाम्या वेळी खडूच्या खुणा करून शंभर शॉट मारले. लाकडाने डावी साइड घेतली की बॉल अर्ध्या बोटाने हटे, काळ्याने जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. त्यामुळे जुन्या सवयीने सूट दिली की बॉल त्या सुटीइतकाच चुकायचा. हटायचाच नाही, तर सूट कशाला. सरळ शॉट तेवढे झकास. साइड घेतली की सगळं बिघडायचं. मी तीन महिने रोज एक तास घालवला तेव्हा कुठे हात सुधारू लागला, आणि मला तर अर्ध्या बोटाची सवय कच्चीच होती. ज्याची पक्की, अठ्ठावीस वर्षांची, त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मनात नेमका कधी आला ते मला सांगता येईल. सप्टेंबरमध्ये, दुकानात, एका म्हातारीच्या चष्म्याचा स्क्रू आवळताना. आला आणि गेला. निदान गेला असं मी स्वतःला सांगितलं.

वसुबारसेला मी इंदापूरला गेलो आणि तो काळा शाफ्ट सर्जेरावांना भेट दिला. हे वाक्य किती चांगलं दिसतं. रतनवहिनींनी करंज्या ठेवल्या, सर्जेरावांनी शाफ्ट हातात घेऊन उन्हात धरला, आणि मी बोलत सुटलो. वजन सांगितलं, ग्रॅममध्ये. तोल कुठे आहे ते त्यांच्या बोटावर ठेवून दाखवलं. हवेतल्या ओलाव्याने वाकत नाही, घामाने चिकटत नाही, आवाज कसा टणक येतो, सगळं. मी विक्रेता माणूस, मला माल समजावता येतो. एकच गोष्ट सांगितली नाही. ती जिभेवर आली होती असंही नाही. मी तिला वळसा घालून बोलत होतो, रस्त्यावरच्या खड्ड्याला आपण सवयीने घालतो तसा. त्यांनी शेडमध्ये तीन सरळ शॉट मारले, तिन्ही गेले. म्हणाले, "काय जिन्नस हाय ओ ह्यो. लई महाग आसल." मग मी त्यांचा लाकडी शाफ्ट उचलला आणि म्हणालो, "हा द्या माझ्याकडे, टिप नवी बसवून आणतो." ते "न्या की" म्हणाले. अजून एक गोष्ट आहे आणि ती लिहिताना माझे कान गरम होतात. पाडव्याच्या सामन्याला मी स्वतः लाकडी शाफ्ट लावून गेलो. माझ्यासाठी मी दुसरा काळा मागवलेला होता, तो घरी ठेवून गेलो. तेव्हा मी ठरवून काही केलं नाही, असं म्हणायला मला जागा उरत नाही. मी ही जागा पुष्कळ शोधली आहे.

सामन्यात सर्जेरावांनी सरळ शॉट एकही सोडला नाही. साइड घेतली की चुकले. पहिल्यांदा चुकले तेव्हा हसले, दुसऱ्यांदा टिपला खडू जास्त लावला, तिसऱ्यांदा टेबलाला हात लावून पाहिला, मग दिव्याकडे पाहिलं, आणि चौथ्यांदा त्यांनी डोळे चोळले. ते डोळे चोळणं मला दिसलं. मी तेव्हा पाच पावलांवर स्टिकला टेकून उभा होतो. शाफ्ट बदलतो असं ते म्हणू शकले असते, हॉलवर दहा स्टिका उभ्या होत्या. पण मी एवढ्या मनापासून दिलेली वस्तू मधेच काढून ठेवायची, तीही माझ्यादेखत, हे त्यांच्याने झालं नसतं. हे मला माहीत होतं. त्यांची भीड मी हिशोबात धरली होती की नाही, हे मला माहीत नाही, किंवा आहे. मी जिंकलो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सर्जेरावांनी फेटा उचलला आणि तो हातात धरून उभेच राहिले, कारण एकोणीस वर्षांत त्यांना तो बांधायची वेळच आली नव्हती. टोक कुठून धरायचं ते मीच सांगितलं. "आता मागून आणा, आता वरून." त्यांची बोटं माझ्या कपाळाला लागत होती, खडूने निळी झालेली, आणि ते हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं मोहनराव. आता कसं बरोबर दिसतंय. किती वर्सं नुसतं बांधायचं माणसानं." मला त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. मी सांगितलं नाही, कारण फेटा अजून पूर्ण बांधून झाला नव्हता.

डिसेंबरात ते दुकानात आले ते चाचणीला. त्यांच्या आईला काचबिंदू होता. शेवटची सहा वर्षं ती बाई भिंत धरून चालली. सर्जेराव मशीनसमोर हनुवटी टेकून बसले, आणि त्या भिंगातून मला त्यांचा डोळा दिसला, मोठा, स्वच्छ, जरा भ्यालेला. "आईचंबी असंच कडंकडंनं जात गेलं," ते म्हणाले. "रस्ता दिसतो मला चांगला. पर तवा तिलाबी वाटायचं की दिसतंय." मी तक्ता वाचून घेतला. शेवटची ओळ. पुन्हा वाचून घेतली. आता सरळ वाक्य होतं, तुमचे डोळे उत्तम आहेत. पण डोळे उत्तम आहेत म्हटल्यावर ते पुढचं विचारणार होते, मग बॉल का चुकतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तळच्या ड्रॉवरमध्ये होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं तर डॉक्टर तेच सांगणार. म्हणून मी म्हणालो, "थोडा नंबर आलाय. अगदी थोडा." पाव नंबर. असला नसला सारखाच. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा असं केलं आणि ते करायला मला एक मिनिटही लागलं नाही, हात आपोआप फॉर्मवर चालला. सर्जेरावांनी सुटकेचा श्वास टाकला. जाताना ते माझ्या पाया पडायचेच बाकी होते.

आता जानेवारीतला शनिवार, दुपारचे बारा, आणि ते स्टुलावर बसून विचारत होते, "गुरुवारी पुण्याला मोठ्या दवाखान्यात नंबर लावलाय. ही म्हनती मोहनरावांना संगट न्या, त्यांना डॉक्टरची भाषा कळती. याल का?" मी मनात तो दवाखाना पाहिला. डॉक्टर डोळे तपासतो, चष्मा उचलतो, यंत्रात घालून बघतो आणि विचारतो, हा तुम्हाला कुणी दिला. मी सर्जेरावांच्या शेजारी बसलेलो. मी म्हणालो, "गुरुवारचं गुरुवारी बघू. उद्या रविवार आहे, मीच येतो इंदापूरला. एकदा तुम्हाला खेळताना बघतो." ते खूश झाले. म्हणाले, "बघा की. तुमची नजर बारीक." ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि पुडकं बाहेर काढून ठेवलं. मी इंदापूरला निघालो तो लाज वाटून की गुरुवारच्या भीतीने, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. दोन्ही होतं. भीती जास्त असावी.

रविवारी सकाळी माधवीने विचारलं, "हे काय नेतोस गुंडाळून?" "सर्जेरावांचं आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "जिंकल्यापासून तुझं तोंड असं का झालंय? हरायचास तेव्हा बरा होतास." मी गाडीला किक मारली. काटेवाडीपासून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, कारखान्याकडे निघालेली, एकामागे दोन दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्या मागे हळू चालवत मी वाक्यं जुळवत राहिलो. मला एक लेख सापडला, असं सुरू करावं. काल इंटरनेटवर वाचत होतो, आणि काय योगायोग. योगायोग शब्द बरा वाटला. पुढे सणसर गेलं, निमगावचे पानमळे आले, सावलीचा गार वास अंगावर आला आणि गेला, आणि तोपर्यंत माझ्याकडे असं एक निवेदन तयार झालं होतं की त्यात कुणाचाच दोष नव्हता. शाफ्टचा होता. नव्या तंत्रज्ञानाचा होता. असली तयारी मला इतकी छान जमते याची मला त्या रस्त्यावर किळस आली, पण तयारी मी टाकून दिली नाही.

शेडमध्ये मी पुडकं सोडलं. "हा लावून एकदा मारा," म्हणालो. सर्जेरावांनी जुना शाफ्ट हातात घेतला, अंगठ्याने टोकापर्यंत चाचपला. "टिप जुनीच हाय की," म्हणाले. त्यांनी चष्मा काढून दारात उभ्या रतनवहिनींकडे दिला, वाकले, डावी साइड घेतली, लांबचा लाल बॉल, कोपऱ्यातलं पॉकेट. अर्धं बोट सूट. बॉल गेला. त्यांनी पुन्हा मांडला, पुन्हा गेला. उजवी साइड घेतली, गेला. पाच, सहा, सात वेळा. आठव्यांदा बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज आला तरी ते वाकलेलेच राहिले, हनुवटी स्टिकवर, आणि मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग ते सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "म्हंजे माझं डोळं..." ते म्हणाले. मी म्हणालो, "डोळे चांगले आहेत, सर्जेराव. हा काळा शाफ्ट बॉलला हटू देत नाही. तुम्ही सूट देता, म्हणून चुकतं." ते हसू लागले, पत्र्यावर हात मारून हसू लागले. "अगं रतन, काठी हाय ती. काठी बदललीया नुसती. आन् मी गाडी सोडली काय." आणि मग, मी एक शब्दही बोलायच्या आत, त्यांनी स्वतःच माझी सुटका करून दिली. "तुमाला तरी काय ठावं आसनार म्हना. तुमी आपलं मायेनं दिलं." मी म्हणालो, "हो ना. माझ्याही कालच लक्षात आलं." इतकं सोपं झालं. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांची गरजसुद्धा पडली नाही.

रतनवहिनींनी हातातला चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला, शेडच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी पाहिली, काढला, पुन्हा पाहिली. मग चष्मा पदराने पुसत अगदी साधं विचारलं, "मग भावजी, ह्यो नंबर कशाचा हाय?" मी म्हणालो, "तो अगदी थोडा आहे वहिनी, पाव नंबर, तो काय..." आणि थांबलो. सर्जेराव माझ्याकडे बघत होते, अजून हसऱ्या तोंडाने. त्यांना प्रश्न कळलाच नव्हता. पण माझं थांबणं त्यांना कळलं. हसू हळूहळू गेलं. त्या माणसाला समोरच्याचा हात कुठे चुकतो ते नेहमी आधी दिसत आलं आहे. "मोहनराव," ते म्हणाले, "डोळं चांगलं हुतं हे तुमाला डिसेंबरातच दिसलं हुतं?" मी हो म्हणालो. "आन् काठीचं?" मी म्हणालो, "दिली तेव्हा माहीत होतं. मी तीन महिने खेळून बघितलं होतं. सामन्याला मी मुद्दाम लाकडी लावून आलो." माझा आवाज मला परका वाटला, दुसऱ्या खोलीतून यावा तसा. "मला एकदा जिंकायचं होतं," मी म्हणालो. एवढं लहान कारण होतं. शेडमध्ये, दिवसाउजेडी, त्या दोघांसमोर ते इतकं लहान दिसलं की मला वाटलं त्यांनी मारलं तर बरं.

सर्जेरावांनी मारलं नाही. शिवीही दिली नाही. त्यांनी काळा शाफ्ट उचलून कोपऱ्यात उभा केला, जुना पुसून टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या खाटेवर बसले. रतनवहिनी आत गेल्या आणि चहा न करता परत आल्या. शेवटी ते टेबलाच्या हिरव्या कापडाकडे बघत बोलले. "चावी देताना मी शाळंत सांगून मोकळा झालो न्हाय. म्हनलं लेकरांच्या आया इस्वासानं पाठवत्यात, त्यांना आपनच सांगावं. बत्तीस घरं फिरलो. दारात हुबं ऱ्हाऊन सांगितलं, मला दिसंना झालंय, माफी करा. एका पोरीची आजी रडली. एकीनं तर म्हनलं, काका, म्हंजे इतकं दीस आमची पोरं तुमी आंधळ्यानं नेत हुता का?" त्यांनी खाटेची दोरी बोटाने ओढली. "म्या म्हनलं, व्हय, तसंच म्हना." मी म्हणालो, "मी शाळेत जाऊन सांगतो. मुख्याध्यापकांना भेटतो, लेखी देतो." त्यांनी मान हलवली. "शाळंचं बघू. गाडी मिळंल न्हायतर न्हाय मिळायची. चला उठा. तुमी माझ्यासंगट त्या घरांत यायचं. आन् तुमी सांगायचं. मी काय बोलणार न्हाय."

रविवार होता, लोक घरी होते. पहिलं घर जवळच, वळणावर. एक बाई लसूण सोलत होती. तिने सर्जेरावांना पाहून पाट सरकवला, "या काका, कसं हाय डोळ्याचं?" सर्जेराव दाराबाहेर हाताची घडी घालून उभे राहिले. मी सांगितलं. यांचे डोळे चांगले आहेत, पहिल्यापासून चांगले होते. मी बारामतीचा चष्मेवाला. मी यांना खोटा नंबर दिला, कारण मी यांच्या खेळात खोटेपणा केला होता आणि तो झाकायचा होता. बाईने लसणाची पाकळी हातातच धरली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कसला खेळ?" मी ते सांगितलं. स्टिक, शाफ्ट, सगळं. बाहेर ऊन होतं आणि मला घाम फुटला होता. मग ती सर्जेरावांना म्हणाली, "पोराला सांगते काका. रोज इचारतोय." दुसऱ्या घरी एक म्हातारा होता, त्याला कमी ऐकू येत होतं, त्याला मोठ्याने सांगावं लागलं, आणि गल्लीतली चार माणसं गोळा झाली. तिसऱ्या घरी मुलगाच दारात आला, सर्जेरावांच्या पायाला बिलगला, आणि मी त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईला सांगत राहिलो.

चौथ्या घरापर्यंत माझं सांगणं सुधारलं होतं. कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची हे आपोआप यायला लागलं होतं. ऐकणारी बाई तरुण होती, शिकलेली दिसत होती, तिचा चेहरा माझ्यासाठी मऊ होत चालला होता, आणि मी म्हणालो, "नवीन वस्तू होती ताई, माझ्याकडून चुकून सांगायचं राहून गेलं, आणि मग ते वाढत गेलं." शब्द तोंडातून गेला तेव्हा तो मला ऐकूही आला नाही. इतका तो सवयीचा होता. सर्जेराव तेवढ्या वेळात एकदाही बोलले नव्हते. ते उंबऱ्याशी आले, चप्पल बाहेर काढली, आणि माझ्याकडे न बघता त्या बाईला म्हणाले, "चुकून न्हाय, ताई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.